हेलिकॉप्टरचें इंधन आणि घर्षणाची वीज

तृणमणीस संस्कृतांत हें नांव पडलें तें उगीच नव्हे. लोकरीवर घासला असतां तो गवताच्या काड्या आपणांकडे ओढून घेतो. ग्रीक लोक त्यास 'इलेक्ट्रॉन' म्हणत, व त्यावरूनच विजेचें युरोपीय नांव सिद्ध झालें. थंडीच्या दिवसांत लोकरीचें वस्त्र अंगांतून काढतांना जी चटचट ऐकूं येते, ती हीच घर्षणजन्य वीज होय. घरांत ती मुलांच्या करमणुकीचा विषय होते. परंतु हेलिकॉप्टरमध्यें इंधन भरतांना तीच जिवावर बेतूं शकते. १९७४ मध्यें मुंबईच्या समुद्रांत तेल सांपडलें. त्या तेलक्षेत्रावर नोकरीस असलेल्यांची ने-आण जुहूहून हेलिकॉप्टरनें होत आली आहे. त्यांच्या घरच्या मंडळींस तरी हा विषय परका वाटूं नये.

ही वीज सांचते तीन मार्गांनीं. हेलिकॉप्टरचीं फिरतीं पातीं धूळ, पाऊस व हिम यांच्या कणांवर आदळतात आणि सर्व यंत्र विद्युद्भारित होतें. म्हणूनच अधांतरीं असलेल्या हेलिकॉप्टरच्या आंकड्यास ओझें अडकविण्यापूर्वीं, जमिनीशीं तारेनें जोडलेली काठी प्रथम त्या आंकड्यास लावतात. दुसरा मार्ग इंधनाचा. तें नळींतून, आणि विशेषतः गाळणीच्या सूक्ष्म छिद्रांतून वाहतांना घर्षण पावतें. शुद्ध इंधन विजेचें दुर्वाहक असल्यामुळें तो भार त्याच्याबरोबर टांकींत शिरतो. तिसरा मार्ग मनुष्याचा. कोरड्या हवेंत नायलॉन वा लोकर वापरणाऱ्याच्या शरीरावर ५,००० व्होल्टचा दाब सहज चढतो. त्यापासून निघणाऱ्या ठिणगींत दीड-दोन मिलिज्यूल ऊर्जा असूं शकते. इंधनाची वाफ व हवा यांचें अनुकूल मिश्रण पेटण्यास मात्र सुमारें पाव मिलिज्यूल पुरते!

हेलिकॉप्टरचें सामान्य जेट इंधन रॉकेलाच्या जातीचें असून ३८ अंश सेल्सियसच्या खालीं त्याची वाफ सहसा पेट घेत नाहीं, हें खरें. परंतु उन्हाळ्यांत तापलेल्या फरशीवर ही मर्यादा दूर नसते. शिवाय इंधनाचे सूक्ष्म तुषार त्याहून थंड हवेंतही पेटूं शकतात.

उपाय मात्र एका तारेचा आहे. इंधनाची गाडी व हेलिकॉप्टर हीं तारेनें परस्परांस जोडलीं कीं दोहोंचा विद्युद्दाब समान होतो, आणि दाबांत भेद नसला म्हणजे ठिणगीही नसते. दोन्ही निरनिराळीं जमिनीस जोडलीं कीं झालें, असें पुष्कळांस वाटतें. पण कोरड्या जमिनींतून वीज नीट वाहत नाहीं, म्हणून परस्परांची जोड हीच मुख्य. दुर्गम स्थळीं पिंपांतून इंधन भरावें लागल्यास पिंप, पंप व हेलिकॉप्टर हीं तिन्ही जोडावीं लागतात.

यांत क्रमास फार महत्त्व आहे. प्रथम गाडीची तार जोडावयाची, नंतर नळीच्या तोंडाची, आणि मगच टांकीचें झांकण उघडावयाचें. काम संपल्यावर झांकण आधीं लावावयाचें व तारा शेवटीं सोडावयाच्या. याचें कारण असें कीं, दोन वस्तूंचा स्पर्श होण्याचा किंवा सुटण्याचा क्षण हाच ठिणगीचा क्षण होय. तो क्षण उघड्या वाफेच्या सान्निध्यांत येऊं नये, एवढाच या नियमाचा अर्थ. पाऊस येतो आहे, रुग्ण खोळंबला आहे, अशा घाईंत हा क्रम मोडण्याचा मोह होतो. आणि धोका असतो तो नेमका तेव्हांच.

हाच न्याय आपल्या दारच्या मोटारीसही लागू आहे. पेट्रोल तर जेट इंधनाहून कितीतरी अधिक ज्वालाग्राही. अगदीं कडाक्याच्या थंडींतही त्याची वाफ पेटते. इंधन भरणें चालू असतां गाडींत पुन्हा जाऊन बसूं नये. बसणें झालेंच तर उतरतांच, नळीला हात लावण्यापूर्वीं, भरण्याच्या तोंडापासून दूर गाडीच्या उघड्या धातूस स्पर्श करावा. यंत्रासाठीं डब्यांत इंधन घेण्याची परवानगी व प्रसंग असेल, तर योग्य डबा जमिनीवर ठेवूनच भरावा. गाडींतील सतरंजीवर ठेवून कदापि भरूं नये. घरांतील वडील मंडळींनीं गाडी चालविणाऱ्या तरुणांस एवढें एकदां समजावून सांगितलें, तर त्यांत वेळ थोडा जाईल आणि लाभ मोठा होईल.