कन्व्हर्टर तापवा, पण करंट जपून!

सकाळी कार स्टार्ट केली, दोन किलोमीटरवरच्या जिमला गेलात, पार्क केली. एवढ्याशा फेरीत प्रदूषण ते कितीसं होणार? सॉरी बॉस, खरा घोळ त्या पहिल्या मिनिटातच असतो.

पेट्रोल कारच्या एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा डबा असतो. आपल्या चार महानगरांत नव्या पेट्रोल कारना तो १९९५ मध्ये सक्तीचा झाला. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंचा थर. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल, नायट्रोजनची ऑक्साइड्स यांचा निकाल लावणं हे त्याचं काम. पण २५०-३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय साहेब कामाला हात लावत नाहीत! तोवरचा विषारी धूर जवळपास जसाच्या तसा बाहेर, म्हणजे तुमच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये.

मग विजेने तापवा ना! आयडिया जुनीच आहे. बीएमडब्ल्यूवर बेतलेल्या, बारा सिलिंडरच्या अल्पिना बी१२ मध्ये १९९५ साली असा हीटर आलाही होता. पण वीज फुकट मिळत नाही.

समजा, ४ किलोवॉटचा हीटर २० सेकंद चालवला. खर्च ८० किलोज्यूल. घरच्या बिलात हा एका युनिटचा पंचेचाळिसावा हिस्सा. चिल्लर! कारमध्ये मात्र ही वीज शेवटी पेट्रोल जाळूनच तयार होते आणि पेट्रोलमधली बरीचशी ऊर्जा वाटेतच वाया जाते. ढोबळ हिशेबाने १५-२० मिलिलिटर पेट्रोल. जिमच्या फेरीला दीडशे मिलिलिटर लागत असेल, तर दहा टक्क्यांहून जास्त. धूर वाचला, मायलेज गेलं!

म्हणून इंजिनीअर मंडळींचं डोकं आता ही वीज वाचवण्यात लागलंय.

चकती तापवा, डबा नाही: पुढची पातळ चकतीच तापवायची. वजन कमी, म्हणून ती झटपट तापते. तिची उष्णता एक्झॉस्टचा वायूच मागे नेतो.

व्होल्टेज वाढवा: ४ किलोवॉटसाठी १२ व्होल्टवर ३३० अँपिअरहून जास्त करंट लागतो, ४८ व्होल्टवर ८५ च्या आत. करंट चौथाई झाला की त्याच वायरमधला तोटा सोळावा हिस्सा उरतो.

वेळेवर थांबा: सेन्सरने ‘तापलं’ म्हटलं की हीटर बंद. हायब्रिडमध्ये तर आधी हीटर, मग इंजिन असंही जमतं.

ब्रेकमधून कमवा: ताशी ५० च्या वेगातली १२०० किलोची कार थांबते तेव्हा सुमारे ११५ किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. हायब्रिड कार त्यातली बरीच बॅटरीत परत भरते. म्हणजे कालच्या दोन सिग्नलच्या कमाईवर आज सकाळचा कन्व्हर्टर गरम!

आपल्या बहुतेक गाड्यांत असा हीटर नाही. तोवर काय? दूध, बँक, लाँड्री ही कामं एकाच फेरीत उरका. एकदा तापलेला कन्व्हर्टर काही मिनिटं तरी गरम राहतो. स्टार्ट केल्यावर जागेवर घुरघुरत बसू नका, हळूहळू निघा.

आणि जिम? चालत जा. वॉर्म-अप तुमचा होऊ दे, कन्व्हर्टरला सुट्टी!