आवर्तन थांबते कुठे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये, सहावी ते आठवीच्या टप्प्यावरच मुलांना संगणकाच्या आज्ञावलीलेखनाची ओळख करून द्यावी, अशी शिफारस केली. तेव्हापासून ‘कोडिंग’ हा शब्द पालकसभांपासून शिकवणीच्या जाहिरातींपर्यंत सर्वत्र दुमदुमत आहे. शिफारशीविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो वर्गात प्रत्यक्ष काय शिकविले जाते याचा. आणि त्याची कसोटी पाहावयाची असेल, तर ‘व्हाइल’ या एका आज्ञेपाशी क्षणभर थांबावे.

एखादी कृती यंत्राकडून पुनःपुन्हा करवून घेण्याचे, म्हणजे आवर्तनाचे, दोन मुख्य प्रकार नवशिक्यांपुढे येतात. ‘फॉर’ लूपमध्ये आवर्तने किती, हे बहुधा आधीच ठरलेले असते. ‘व्हाइल’मध्ये संख्या ठाऊक नसते, अट तेवढी ठाऊक असते, ती खरी आहे तोवर काम चालू, खोटी ठरली की बंद. पहिल्या प्रकारात मोजणी यंत्रावर सोपविता येते. दुसऱ्यात काम संपले असे केव्हा म्हणावयाचे, याचा निर्णय लिहिणाऱ्यालाच करावा लागतो. असे असताना ‘व्हाइल’चे पहिले उदाहरण म्हणून एक ते दहा आकडे छापण्याचाच पाठ गिरविला जावा, हे शोचनीय आहे. दहा आकड्यांसाठी अटीची गरजच नाही. तो वेष पालटलेला ‘फॉर’ झाला. मुलांनी तो पाठ केला तर दोष मुलांचा नव्हे.

वस्तुतः या आज्ञेला साजेसे उदाहरण शाळेच्या गणितातच पडून आहे. मसावि काढण्याची भागाकार पद्धत घ्या. २५२ ला १०५ ने भागले की बाकी ४२. १०५ ला ४२ ने भागले की बाकी २१. ४२ ला २१ ने भागले की बाकी शून्य. मसावि २१. भागाकार किती वेळा करावा लागेल, हे आरंभी कोणी सांगत नाही. बाकी शून्य नाही तोवर भागत राहावयाचे, एवढेच ठरलेले. युक्लिडच्या ग्रंथात ही रीत आहे, आणि आर्यभटाने इ. स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त सांगितलेल्या कुट्टकाचा पायाही असाच परस्पर भागाकार आहे. तो कुठेतरी संपणारच, याची खात्री कशी? बाकी नेहमी भाजकापेक्षा लहान असते, म्हणून ती दर खेपेस घटते, आणि पूर्णांक शून्याखाली न जाता अखंड घटू शकत नाहीत. सातवीतल्या मुलाला हे समजत नाही असे मानणे हा त्या मुलाचा अवमान होय.

ही खात्री करून घेण्याचे टाळले की काय होते, याचा दाखला मायक्रोसॉफ्टच्या ‘झून’ या संगीतयंत्राने दिला. ३१ डिसेंबर २००८ रोजी त्याच्या एका प्रकारातील यंत्रे जागच्या जागी गोठली. घड्याळाच्या भागात, दिवसांची संख्या ३६५ हून अधिक आहे तोवर एकेका वर्षाचे दिवस वजा करीत जाणारे आवर्तन होते. लीप वर्ष असेल तर ३६६ वजा करावयाचे, मात्र संख्या ३६६ हून अधिक असेल तरच. २००८ हे लीप वर्ष आणि तो दिवस नेमका ३६६ वा. अट खरी, म्हणून आत प्रवेश. आत वजा काहीच नाही, म्हणून अट पुन्हा खरी. बॅटरी संपू द्यावी आणि दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी, हाच उपाय कंपनीला सांगावा लागला. हे काही शाळकरी पोरांचे लेखन नव्हते.

‘व्हाइल’ अवघड आहे, ही शिक्षकांची तक्रार मात्र खोटी नाही. सोलोवे, बोनार आणि अर्लिक यांनी १९८३ मध्ये येल विद्यापीठातून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना एक साधे काम दिले होते: ९९९९९ हा आकडा येईपर्यंत संख्या वाचा आणि सरासरी काढा. पास्कल भाषेतील ‘व्हाइल’मध्ये अट आरंभीच तपासली जाते, त्यामुळे पहिली संख्या आवर्तनाबाहेर वाचून घ्यावी लागते आणि पुढची आवर्तनाच्या शेवटी. आवर्तनाच्या मध्यातून बाहेर पडण्याची सोय असलेल्या रचनेत अधिक जणांची उत्तरे बरोबर आली. यावरून ‘व्हाइल’ पुढे ढकलावा असे ठरत नाही. अट कोठे तपासली जाते, हा स्वतंत्र धडा आहे आणि त्याला स्वतंत्र तासिका हवी, एवढेच ठरते. पायथनमध्ये ‘ब्रेक’ लिहून मध्येच बाहेर पडता येते, ही सोयही त्याच तासिकेत दाखवावी.

त्यासाठी महागड्या प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. वहीत तीन रकाने आखून प्रत्येक आवर्तनातील किमती हाताने लिहावयाच्या: अट खरी की खोटी, कोणती किंमत बदलली, ती शेवटाकडे सरकली की नाही. बदलाचा रकाना कोरा राहिला, तर चूक यंत्र सुरू करण्यापूर्वीच सापडते. पण परीक्षेत ‘व्हाइल लूपची व्याख्या लिहा’ याला गुण असतील, तर हा खटाटोप कोण करील? त्याऐवजी सदोष आवर्तन छापून द्यावे आणि कोणती संख्या घातली असता ते कधीच थांबणार नाही, एवढेच विचारावे. अशी प्रश्नपत्रिका तपासावयास अधिक वेळ लागेल, आणि तो वेळ शिक्षकांना द्यावा लागेल.