जीपचे दात बदलले, काट्याचे काय?

कोहमाऱ्याच्या चौकात मुंबई-कोलकाता महामार्गाला गोंदियाचा आणि नवेगावबांधचा रस्ता येऊन मिळतो. अशा सरळ, रुंद रस्त्यावर जुनी जीप चालवणाऱ्याला वाटतेच की, हिचे गिअर जरा 'लांब' करून घ्यावेत. हा बदल मुळीच करू नये, असे मी म्हणणार नाही. मात्र तो अर्धवट केला तर धोक्याचा आहे, आणि हे तुम्हाला शाळेतल्या गणितानेच पडताळता येईल.

महिंद्रने भारतात बनवलेली सीजे-३बी जीप घ्या. तिच्या गिअरपेटीत तीन गिअर. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन जितके फिरते तितकाच मागे जाणारा दांडा फिरतो. त्यानंतर फेरे कमी होतात ते आसाच्या पोटातील दंतचक्रांच्या जोडीत. मेकॅनिक तिला क्राउन-पिनियन म्हणतात. पिनियनला ८ दात, क्राउनला ४३. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे सुमारे ५.३८ फेरे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर. चाकाचा परीघ सव्वादोन मीटर धरला, तर मिनिटाला चाकाचे ४४४ आणि इंजिनाचे जवळजवळ २४०० फेरे होतात.

आता ४३ ऐवजी ३९ दातांचे क्राउन, त्याच्या जोडीच्या ८ दातांच्या पिनियनसह, बसवले. त्याच वेगाला इंजिनाचे फेरे २२०० च्या आत येतात. आवाज घटतो, झीजही घटते. पण इंजिनाची शक्ती तिळभरही वाढलेली नसते. उलट प्रत्येक गिअरमध्ये चाकाला मिळणारा फिरवण्याचा जोर सुमारे ९ टक्क्यांनी कमी होतो. महामार्गावर हे चालून जाईल; धानाची पोती भरून बांधीतल्या चिखलातून निघताना जाणवेल. पैसे वाचवण्यासाठी फक्त मागचाच आस बदलला, तर चारही चाकांना जोर देताच पुढची चाके मागच्यांपेक्षा हळू फिरू पाहतात आणि मधली सारी दंतचक्रे ताणली जातात.

मला याहून गंभीर वाटतो तो वेगमापक. या जीपमध्ये तो चाकाला नव्हे, तर आसाच्या आधी ट्रान्स्फर केसला जोडलेला असतो. क्राउन बदलल्याचे त्याला कळतच नाही. काटा ६० दाखवतो आणि गाडी ६६ ने धावते! गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि ब्रेक तर जुनेच. जी गाडी २८ मीटरांत थांबली असती, तिला ३४ मीटर लागतील. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलालगत चितळ आडवे आले, तर हे सहा मीटर कोठून आणणार? म्हणून वेगमापक जुळवून घेतल्याशिवाय अशी गाडी रस्त्यावर आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तपासणी सोपी आहे. रस्ता मोकळा असताना चालकाने काटा ६० वर स्थिर ठेवावा आणि शेजाऱ्याने किलोमीटरच्या दोन दगडांमधला वेळ घड्याळावर मोजावा. (मोबाइलही वेग सांगतो, पण दगड आणि घड्याळ जास्त शिकवतात.) ६० सेकंद लागले तर काटा बरोबर. ५४-५५ सेकंदच लागले, तर गाडी खाली घेऊन क्राउनचे दात मोजा.