सांगोल्याचा बोध

विचाराने विरोधक असलेल्या माणसाच्या गुणांची दखल घेण्यात कमीपणा नसतो. त्या गुणांबरोबरच त्याच्या मर्यादाही तपासल्या, तर कार्यकर्त्याच्या पदरी काही पडते. या दृष्टीने सोलापूर जिल्ह्यातील सांगोला विधानसभा मतदारसंघाचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे.

सांगोला तालुका हा माणदेशाचा भाग. अल्प पाऊस, कोरडी पडणारी माणगंगा, खिलार जनावरांवर पोसलेले संसार आणि अलीकडच्या काळात ठिबकच्या थेंबांवर फुललेल्या डाळिंबाच्या बागा, असे येथील जीवन. या दुष्काळी मुलखाने शेतकरी कामगार पक्षाच्या गणपतराव देशमुखांना १९६२ साली प्रथम विधानसभेत पाठविले. १९७२ आणि १९९५ मधील पराभव वगळता हा विश्वास अखंड राहिला. १९७४ च्या पोटनिवडणुकीसह तब्बल अकरा वेळा ते निवडून आले. शेवटचा विजय २०१४ चा. ३० जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा पक्षभेद विसरून महाराष्ट्र हळहळला.

या यशाचे रहस्य त्यांच्या पक्षाच्या मार्क्सवादी पोथीत शोधून सापडणार नाही. एस.टी.ने प्रवास करणारा आमदार ही त्यांची ओळख होती. साधी राहणी, सहकारी सूतगिरणीसारख्या संस्थांचा स्वच्छ कारभार आणि पाण्यासाठीचा चिवट पाठपुरावा यांमुळे मतदाराला ते आपले वाटले. वर्गसंघर्षाची भाषा बोलणाऱ्या पक्षाचा हा नेता प्रत्यक्षात जगला तो सेवाव्रती कार्यकर्त्यासारखा. १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या मंत्रिमंडळात त्यांच्याबरोबर जनता पक्षातील पूर्वाश्रमीचे जनसंघीयही होते, याचे स्मरण आजच्या पिढीला असावे.

तथापि, एवढ्यावर थांबणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे होय. सांगोल्याचा मतदार कोणाच्याही दावणीला बांधलेला नव्हता. १९९५ साली शहाजीबापू पाटील यांनी गणपतरावांना अवघ्या १९२ मतांनी हरविले. २०१९ मध्ये गणपतराव रिंगणात नसताना त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख ७६८ मतांनी पराभूत झाले आणि शिवसेनेचे शहाजीबापू विजयी झाले. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी ही जागा परत मिळविली.

खरा प्रश्न येथेच उभा राहतो. १९६२ साली विधानसभेत प्रमुख विरोधी पक्ष असलेला शेकाप २०२४ मध्ये सांगोल्याच्या एकमेव जागेपुरता उरला. एक निष्कलंक माणूस पक्षाची अब्रू राखू शकतो, पण पक्षाची वाढ एकट्याच्या बळावर होत नाही. नेत्यामागून नातू उभे राहिले. घराण्याबाहेरची दुसरी फळी त्या ताकदीने उभी राहिली नाही. डॉ. हेडगेवारांनी व्यक्तीला नव्हे, तर भगव्या ध्वजाला गुरुस्थानी मानले, त्यामागील दूरदृष्टी अशा उदाहरणांतून अधिक स्पष्ट होते.

पाण्याचा अनुभवही हेच सांगतो. प्रतिनिधी कितीही प्रामाणिक असला, तरी कृष्णेचे पाणी टेंभू आणि म्हैसाळ योजनांतून उचलून माणदेशात आणणे हे एका आमदाराच्या आवाक्यातले काम नव्हे. त्यासाठी राज्याची इच्छाशक्ती लागते. युती शासनाच्या काळात, १९९६ साली, कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले, म्हणून या योजनांना चालना मिळाली. तरीही शिवारात पाणी पोहोचण्यास लागलेला विलंब कोणत्याच पक्षाला भूषणावह नाही.

राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्यांनीही आत्मपरीक्षण करावयास हवे. २०१९ आणि २०२४ या दोन्ही निवडणुकांत जागावाटपात सांगोला मित्रपक्षाकडे होता. मतपत्रिकेवर कमळ नव्हते. परंतु उमेदवारी नाही म्हणून काम नाही, ही भूमिका संघसंस्कारात बसत नाही. चारा छावणी, जलसंधारण, विद्यार्थ्यांची वसतिगृहे, डाळिंब उत्पादकांच्या अडचणी ही कामे चिन्हाची वाट पाहत नाहीत. गणपतरावांनी पाच दशके जे एकट्याच्या तपश्चर्येवर राखले, ते गावोगावच्या शेकडो कार्यकर्त्यांच्या सामूहिक तपश्चर्येतून उभे करता येईल. तसे झाले, तर व्यक्ती गेली तरी काम थांबणार नाही आणि माणदेशालाही केवळ एका भल्या माणसाच्या आयुष्यावर विसंबून राहावे लागणार नाही.