कॅमेऱ्यासोबत कार्ड फ्री देणाऱ्या पत्रकार बंधूंना

"सोबत ३२ जीबीचं कार्ड फ्री."

परवा एका पत्रकार बंधूंनी ग्रुपवर जुना डीएसएलआर विकायला काढला. बॉडी, किट लेन्स, चार्जर, बॅग, आणि खाली ही ओळ. दोन-तीन अंगठे आले, एकानं "फायनल किती?" विचारलं, विषय संपला. कुणालाच त्यात काही खटकलं नाही. मला खटकलं, म्हणून हे लिहितोय. नाव घेणार नाही, कारण हा एकट्याचा प्रश्न नाही. सणासुदीच्या ऑफर लागल्या की नवा मिररलेस घ्यायचा आणि जुना मिळेल त्या भावात फुंकायचा, हे उमरग्यापासून धाराशिवपर्यंत सगळीकडं चाललंय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यानं जुना कॅमेरा विकला तर तो त्याचा धंदा आहे. हौशी माणसानं विकला तर त्याची हौस. पण बातमीचे फोटो काढणाऱ्यानं जुना कॅमेरा विकू नये. आणि कार्ड तर कुणाच्या बापाला देऊ नये. फुकट तर नाहीच नाही.

"दादा, तीस-पस्तीस हजाराला घेतलेला. आता आठ हजार येतायत. पुढच्या वर्षी तेही येणार नाहीत." हे खरं आहे. २०१० साली जगात बारा कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते, २०२३ साली तो आकडा ऐंशी लाखांच्याही खाली होता. २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन दोघांनीही मिररलेससाठी नवीन माउंट काढले, तेव्हापासून जुन्या बॉडीचा भाव घसरतच चाललाय. म्हणजे बाजार तुम्हाला देतोय तो भंगाराचा भाव. मग भंगाराच्या भावात आपण नेमकं काय देऊन टाकतोय, हे तरी बघायला नको का?

आता जालन्याची गोष्ट ऐका. आपल्या मराठवाड्यातलीच आहे आणि देशभरातल्या वकिलांना पाठ आहे. २०१४ ची विधानसभा निवडणूक. अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल पडले. गोरंट्यालांचं म्हणणं असं की खोतकरांचा उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनची वेळ टळून गेल्यावर घेतला गेला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात आत-बाहेर व्हिडिओ शूटिंग चालू होतं. म्हणजे पुरावा होता. पण हातात आल्या त्या त्याच्या सीडी, म्हणजे नकला. नकलेसोबत कायद्यानं प्रमाणपत्र लागतं, आणि वारंवार मागूनही ते मिळेना. २०१७ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं निवडणूक रद्द ठरवली, प्रकरण वर गेलं आणि १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला. आमदारकीची मुदत तोवर संपून गेली होती, ते सोडा. त्या निकालात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्याची नक्कल द्यायची तर प्रमाणपत्र लागणारच. पण ज्या उपकरणावर माहिती पहिल्यांदा साठवली गेली ते मूळ उपकरणच मालकानं कोर्टात आणलं आणि साक्षीला उभं राहून "हे माझं आहे, मीच वापरत होतो" हे सिद्ध केलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही. न्यायालयानं उदाहरणं लॅपटॉप, टॅबलेट आणि मोबाईलची दिलीत. मी वकील नाही, पण हाच तर्क कॅमेऱ्याला आणि त्यातल्या कार्डाला का लागू नये, हे मला तरी कुणी सांगितलेलं नाही.

आता डोळ्यासमोर आणा. तुमचा मूळ कॅमेरा कुठंय? गुलबर्ग्याच्या कुठल्यातरी पोरानं तो विकत घेतलाय. आणि कार्ड? त्याला फ्री दिलं. आता उभे राहा साक्षीला.

१ जुलै २०२४ पासून जुना पुरावा कायदा गेला आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र एकदा काढून बघा. उपकरणाची कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, रंग कोणता, सीरियल नंबर काय, फाइलची हॅश व्हॅल्यू किती, सगळं भरून द्यायचं आहे. सीरियल नंबर कॅमेऱ्याच्या बुडाला कोरलेला असतो. कॅमेरा विकताना किती जणांनी तो लिहून ठेवलाय? हात वर करा. (मला माहीत आहे किती हात वर जातील.)

कुणी म्हणेल, आपल्या तालुक्याच्या बातम्या कोण कोर्टात नेतंय? २०२० चा ऑक्टोबर आठवा. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं होतं, काढून ठेवलेल्या गंजींना कोंब फुटत होते. आपण सगळे बांधावर उभे राहून फोटो काढत होतो. पुढं त्या खरिपाच्या पीकविम्याचं काय झालं? नुकसानीची माहिती ७२ तासांत कळवली नाही म्हणून आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचे पैसे अडले, आणि भांडण खंडपीठात, तिथून दिल्लीला गेलं. भांडण कशाचं? तारखेचं. पाणी कधी साचलं, कुणी कधी कळवलं. तारीख आणि वेळेसकट काढलेले मूळ फोटो तेव्हा आपल्या कार्डांत होते. आज किती जणांकडं आहेत? सोलापूर-हैदराबाद महामार्गाचं चौपदरीकरण किती वर्षं रेंगाळलं हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्या खड्ड्यांचे, अर्धवट पुलांचे, अपघातांचे फोटो कुणी काढले? आपणच. मूळ फाइल्स कुठं आहेत? व्हॉट्सॲपवर. म्हणजे कुठंच नाहीत, कारण व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून टाकला की तो दाबून लहान होतो आणि तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं नाव ही आतली सगळी माहिती गळून जाते. उरतं ते चित्र.

मुख्यालयात बसलेल्यांना चित्र पुरतं. पानात लावायला तीन कॉलमचं चित्र पाहिजे, ते मिळालं. खाली "छाया" म्हणून आपलं नाव, तेही पानावर जागा असली तर. कॅमेरा आपला, पेट्रोल आपलं, कार्ड आपलं, मानधन किती ते विचारू नका. आणि उद्या त्याच फोटोवरून नोटीस आली की "मूळ फोटो आमच्या प्रतिनिधीकडे आहे". बरोबर? मग प्रतिनिधीला एक हार्ड डिस्क घेऊन द्यायला मालकांचा हात का आखडतो? तालुक्याचा वार्ताहर जुना कॅमेरा हौसेनं विकत नाही, नव्याचा हप्ता भरायचा असतो म्हणून विकतो. हे मला कळतं. म्हणून माझा अर्धा राग विकणाऱ्यावर आहे आणि अर्धा त्याला विकायला लावणाऱ्यावर.

आपल्या भागाला तर हे वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले. किल्लारी आणि सास्तूर ही नावं त्या पहाटेनं जगाला कळली. तेव्हाचे फोटो रोलवर निघाले. रोल धुतला की निगेटिव्ह हातात, निगेटिव्ह पाकिटात, पाकीट ट्रंकेत. फोटोग्राफरनं पुढच्या वर्षी कॅमेरा विकला काय, दहा वेळा बदलला काय, निगेटिव्ह घरातच. मूळ वस्तू आणि यंत्र वेगळं होतं. डिजिटल आलं आणि मूळ वस्तू कॅमेऱ्याच्या पोटात जाऊन बसली. आपण मात्र अजून रोलच्या जमान्यातल्या बिनघोरीनं कॅमेरे विकतोय. निगेटिव्हची पेटी कुणी कॅमेऱ्यासोबत फ्री दिली असती का?

आता जास्त गंभीर गोष्ट. "मी कार्ड फॉरमॅट करून देतो" असं सांगणारे भेटतात. भाऊ, साध्या फॉरमॅटनं फोटो पुसले जात नाहीत, त्यांची यादी पुसली जाते. जसं वहीचा अनुक्रम फाडला तरी पानं तशीच. नवे फोटो त्यावर बसेपर्यंत जुने बहुतेकदा परत काढता येतात, तेही फुकटच्या सॉफ्टवेअरनं. आणि आपल्या कार्डात काय काय असतं? पोलीस ठाण्यात बसलेली अल्पवयीन मुलगी, तिचे आईबाप. सिव्हिल हॉस्पिटलच्या दारातले चेहरे. आपण ते छापत नाही, कारण पोक्सोच्या कलम २३ नं बंदी आहे आणि अत्याचारित महिलेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नं गुन्हा आहे. छापताना चेहरा धूसर करणारा माणूस कार्ड मात्र अनोळखी गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतो. आंदोलनातल्या, मोर्चातल्या माणसांचे फोटो, आपल्याशी विश्वासानं बोललेल्या शिपायाचा, तलाठ्याचा फोटो, तोही त्यातच.

"मग कार्ड ठेवतो, नुसती बॉडी विकतो." हे निम्मं बरोबर आहे, आणि ज्याला खरंच पैशाची नड आहे त्यानं एवढं केलं तरी मी त्याला बोल लावणार नाही. पण बॉडीलाही किंमत आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाखो ठिपके असतात आणि कारखान्यातून निघतानाच ते एकमेकांपेक्षा किंचित कमी-जास्त असतात. प्रत्येक फोटोवर त्याची बारीक छाप उतरते, डोळ्याला न दिसणारी. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ साली दाखवून दिलं की ही छाप जुळवून फोटो नेमका कोणत्या कॅमेऱ्यातून निघाला ते ओळखता येतं. बंदुकीच्या गोळीवरून बंदूक ओळखतात तसंच. पण जुळवायला समोर बंदूक पाहिजे ना.

आणि हे आजच का सांगतोय? कारण आज कुठलाही पुढारी, ठेकेदार, अधिकारी आपल्या फोटोकडं बघून एक वाक्य फेकतो, "हे एआयनं बनवलंय." पाच वर्षांपूर्वी त्याला निदान "फोटो जुना आहे" म्हणावं लागायचं. बाहेर देशांत यावर उपाय म्हणून फोटो काढतानाच त्यावर डिजिटल सही करणारे कॅमेरे आलेत. लायकानं २०२३ मध्ये असा पहिला कॅमेरा आणला, त्याची किंमत लाखांत. आपल्याला परवडणारा पुरावा एकच: मूळ कार्ड, मूळ फाइल आणि तो मूळ कॅमेरा. तोही आपण आठ हजारांना द्यायला निघालोय.

जे ठेवतील त्यांच्यासाठी थोडं. बॅटरी काढून ठेवा, नाहीतर आतच फुगेल. लेन्स आणि बॉडी घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. कपाटातल्या बंद बॅगेत ठेवली तर पावसाळ्यात बुरशी धरते. चार्जर फेकू नका, जुन्या मॉडेलचा चार्जर नंतर शोधून सापडत नाही. कार्ड भरलं की फॉरमॅट करून तेच पुन्हा वापरायचं बंद करा. निदान महत्त्वाच्या घटनेचं कार्ड बाजूला काढा, त्याची लॉकची पट्टी सरकवा, पाकिटावर तारीख आणि गाव लिहा. कार्डही अमर नसतं, वर्षानुवर्षं पडून राहिलं तर दगा देऊ शकतं, म्हणून दोन हार्ड डिस्कवर नक्कल पाहिजेच. सीरियल नंबर डायरीत. खरेदीची पावती प्लास्टिकच्या पाकिटात, कारण पावतीवरची शाई कार्डाच्याही आधी उडते.

लग्नवाल्यांना मी वर सूट दिली खरी, पण जाता जाता त्यांनाही सांगतो. पोटगीच्या आणि बालविवाहाच्या प्रकरणात लग्नाची तारीख सिद्ध करायची वेळ आली की मंगल कार्यालयातले फोटोच शोधत येतात. तेव्हा कार्ड तुम्हीही फ्री देऊ नका.

खर्चाचं रडगाणं गाणाऱ्यांसाठी एक हिशेब. आपल्याकडं पत्रकारांच्या संघटना किती आहेत ते मोजायला एका हाताची बोटं पुरत नाहीत. दरवर्षी ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांच्या फोटोला हार घालून प्रत्येक संघटना दर्पण दिन करते. शाल, श्रीफळ, ट्रॉफी, फेटे, जेवण, फ्लेक्स. त्या एका दिवसाच्या शालींच्या पैशात एक लोखंडी कपाट, दोन हार्ड डिस्क आणि एक नोंदवही येते. तालुक्यातला कुणी सभासद जुना कॅमेरा विकायला काढत असेल तर संघटनेनं बाजारभावानं तो घ्यावा, त्याला त्याच्या हप्त्याचे पैसे द्यावेत आणि कॅमेरा त्याच्याच नावानं नोंद करून कपाटात ठेवावा. उद्या साक्षीला जायची वेळ आली तर मालकानं सही करून घेऊन जावा. किल्ली एकाकडं नको, दोघांकडं. एवढंच.

या ६ जानेवारीच्या नियोजनाची बैठक लागली की हा विषय मी मांडणार आहे. माझी शाल आणि श्रीफळ यात आधीच जमा धरा. ज्यांचा विरोध असेल त्यांनी बैठकीला यावं आणि तोंडावर करावा.