शैक्षणिक कर्जावरील व्याज अनुदान खात्यावर जमा करून हप्ते नव्याने ठरवून देणेबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
तथा अध्यक्ष, जिल्हास्तरीय सल्लागार समिती (बँका)

संदर्भ : 1) लोकशाही दिनातील आमचा अर्ज
2) आपल्या दालनातील जून महिन्यातील बैठक
3) अग्रणी बँकेचे ‘उचित कार्यवाहीस्तव’ पत्र

महोदय,

जूनच्या बैठकीत अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांनी आपल्यासमक्ष शब्द दिला होता की, पंधरा दिवसांत शाखानिहाय शिबिर घेऊन प्रत्येक शैक्षणिक कर्ज खाते तपासले जाईल. गणपती झाले, दिवाळी झाली, शिबिर झाले नाही. लोकशाही दिनातील अर्जावर एवढेच कळवण्यात आले की, प्रकरण संबंधित शाखेकडे वर्ग केले आहे. ज्या शाखेविरुद्ध तक्रार, तिच्याकडेच ती तपासायला दिली. त्यामुळे पुन्हा आपल्याकडे यावे लागले.

केंद्र शासनाच्या व्याज अनुदान योजनेचे नियम आपणांस व बँकांना आम्ही सांगण्याची गरज नाही. योजना 2009 पासूनची आहे. आमच्या मुलामुलींनी तहसीलदारांचे उत्पन्नाचे दाखले वेळोवेळी शाखेत दिले. पुढची मागणी वर पाठवणे हे शाखेचे काम होते. ते झाले नाही आणि त्याचा भुर्दंड मुले भरत आहेत.

एकच खाते उदाहरणादाखल मांडतो; कागदपत्रे सोबत जोडली आहेत. 2018 साली अभियांत्रिकीला गेलेल्या मुलीला दरवर्षी एक लाख याप्रमाणे चार लाखांचे कर्ज मिळाले, व्याजदर 11 टक्के. शिक्षणाची चार वर्षे व नंतरचे एक वर्ष धरून सरळव्याज 1 लाख 54 हजार होते. हे व्याज शासनाने भरायचे होते. प्रत्यक्षात ते मुद्दलात मिळवून 5 लाख 54 हजारांवर हप्ता बांधण्यात आला. पंधरा वर्षांच्या मुदतीत चार लाखांवरील हप्ता साधारण 4,550 रुपये बसला असता; तो 6,300 च्या घरात गेला. महिन्याला पावणेदोन हजार, मुदतअखेर तीन लाखांवर जादा. ही मुलगी चाकणला ट्रेनी आहे. पीएफ कापून सोळा हजार हातात येतात. त्यात खोलीभाडे, मेस आणि हा हप्ता.

‘दाखला मिळालाच नाही’ असे शाखेने प्रथम सांगितले. दाखल्याच्या झेरॉक्सवर त्याच शाखेचा आवक शिक्का व बाबूंची सही आहे, ती दाखवल्यावर उत्तर बदलले : क्लेमची तारीख निघून गेली. त्यानंतर साहेबांची बदली झाली आणि नवीन साहेबांनी सगळी कागदपत्रे पुन्हा मागितली. तीही दिली. आता ‘वरून रक्कम आलेली नाही’ असे ऐकवले जाते. मागणी कोणत्या तारखेला पाठवली, हे लेखी द्या म्हटले की काउंटरवर कोणी बोलत नाही.

साहेब, हे एवढ्यावर थांबत नाही. हप्ते थकले आणि खाते एनपीए झाले. कर्जाला वडील सहकर्जदार. मृगाच्या तोंडावर ते पीक कर्जाच्या नूतनीकरणाला गेले, तर सिबिल खराब म्हणून फाइल परत केली. बियाणे-खतासाठी सावकाराकडे जावे लागले. शेती कर्जाला सिबिल पाहू नका, असे मुख्यमंत्र्यांनी राज्यस्तरीय बँकर्स समितीत बजावले, ते आमच्या शाखेपर्यंत पोहोचलेले दिसत नाही. मुलीने शिकावे म्हणून बापाने अंगठा दिला, त्याची शिक्षा त्याच्या शेताला का? जूनच्या बैठकीत हाच प्रश्न विचारला होता. तेव्हा ‘आठ दिवसांत शाखेला पत्र काढतो’ असे उत्तर मिळाले. ते पत्र निघाले असेल तर त्याची प्रत द्यावी.

सोबतच्या यादीतील इतर खात्यांची तऱ्हाही हीच आहे. शाखांची नावे व खाते क्रमांक यादीत दिले आहेत.

तरी आमची मागणी अशी की, यादीतील प्रत्येक खात्याचे व्याज अनुदान मागितले गेले की नाही, याची तारीखवार माहिती लेखी मिळावी. शाखेच्या चुकीने राहिलेली रक्कम बँकेने स्वतः सोसावी, मुद्दलात मिळवलेले व्याज वजा करून हप्ते नव्याने बांधावेत आणि तोपर्यंत वसुली थांबवावी. चुकीच्या आकारणीमुळे एनपीए झालेल्या खात्यांची सिबिलकडील नोंद बँकेनेच दुरुस्त करून द्यावी. सहकर्जदार पालकांचे पीक कर्ज या कारणाने अडवू नये.

वसुली एजंटांचे रात्री-अपरात्री व नातेवाइकांना येणारे फोन बंद व्हावेत. आयकरासाठी व्याजाचा दाखला मागितल्यावर वेळेत मिळावा. कर्ज फिटलेल्यांना बेबाकी दाखल्यासाठी हेलपाटे घालायला लावू नयेत.

आम्ही कर्ज बुडवायला निघालेलो नाही. घेतले तेवढे फेडणार आहोत, माफी मागत नाही. शासनाने भरायचे व्याज तेवढे आमच्या मुलांच्या माथी मारू नये. जिल्हास्तरीय समितीच्या येत्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर घ्यावा, आमच्या दोन प्रतिनिधींना बोलवावे आणि शाखाधिकाऱ्यांना खात्यांच्या उताऱ्यांसह हजर ठेवावे. आता तोंडी आश्वासन आम्ही घेणार नाही. महिनाभरात लेखी कार्यवाही न झाल्यास पालक व मुले आपल्या कार्यालयासमोर बेमुदत धरणे धरतील. त्याची नोटीस पोलीस ठाण्यास वेगळी देत आहोत.

आपले,
तालुक्यातील शैक्षणिक कर्जदार विद्यार्थी व पालक

सोबत : खात्यांची यादी, आवक शिक्क्यासह दाखल्यांच्या प्रती, कर्ज खात्यांचे उतारे
प्रत : मा. जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापक