विमानातले पान आधी मांडावे काय?

गेल्या महिन्यात एका लांबच्या प्रवासाचे तिकीट काढले आणि चारच दिवसांत विमानकंपनीचे पत्र आले. तीन आठवड्यांनंतरच्या एका मध्यरात्री, अरबी समुद्रावर कुठेतरी असताना, आम्ही काय जेवू इच्छितो हे कंपनीला आजच हवे होते. सोबत पदार्थांची यादी होती, प्रत्येकाचे छायाचित्र होते आणि खाली तंबी होती की उड्डाणाच्या चोवीस तास आधी नोंदणी बंद होईल. त्यानंतर जे मिळेल ते गोड मानून घ्यावे. ज्या गृहस्थाला सकाळी संध्याकाळची भाजी सुचत नाही, त्याला हा प्रश्न थोडा जडच गेला.

ही पद्धत तशी नवी नव्हे. सिंगापूर एअरलाइन्सने वरच्या वर्गांतल्या प्रवाशांसाठी ‘बुक द कुक’ १९९८ मध्ये सुरू केले. आता ती स्वस्त दराच्या कंपन्यांपर्यंत आणि आपल्याकडच्या तास-दीड तासाच्या उड्डाणांपर्यंत उतरली आहे. केवळ सोयीचा प्रश्न असता तर त्यावर या जागी लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. पण प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनी या पद्धतीवर जो आक्षेप घेतला, तो विचार करायला लावणारा आहे. त्यांचे म्हणणे असे की, समोर येईल ते खाण्यापासून प्रवास सुरू होतो. घरी बसून आधीच पान मांडून घेणारा माणूस प्रवासाला निघतच नाही, तो आपले घर बरोबर नेतो. पूर्वी विमानात निदान पाहुणा असल्याचा आभास होता. आता उरले ते गिऱ्हाईक.

आक्षेपातला पहिला भाग आम्हांला रुचतो. दुसरा मात्र पटत नाही, कारण तो पाहुणचार कधी होता, हे आम्हांला दिसत नाही. १९१९ च्या ऑक्टोबरात हँडली पेज कंपनीच्या लंडन-पॅरिस विमानात जे पहिले जेवण मिळाले, ते तीन शिलिंगांना विकत घ्यायचा डबा होता. म्हणजे आरंभच गिऱ्हाइकापासून आहे. फुकटाचा आतिथ्यशील काळ मध्ये येऊन गेला आणि त्याचे पैसे तिकिटात धरलेलेच होते. शिवाय हे जेवण विमानात ‘होत’ नाही. ते विमानतळाजवळच्या मुदपाकखान्यात कितीतरी तास आधी शिजते, झटपट थंड केले जाते, ताटलीत बांधले जाते, गाड्यांतून विमानात चढते आणि वर फक्त भट्टीत पुन्हा गरम होते. शाकाहारी किती, कोंबडी किती, याचा अंदाज मार्ग, वेळ आणि मागचा अनुभव पाहून कोणीतरी जमिनीवरच बांधलेला असतो. तो चुकला की मागच्या रांगांतल्या माणसांना निवड उरत नाही. अडतिसाव्या रांगेत बसलेल्याने ‘काय आहे?’ असे विचारणे हा निव्वळ शिष्टाचार. तेव्हा आधी नोंदणी केल्याने उत्स्फूर्ततेचा बळी जातो, हे खरे नाही. निर्णय पूर्वीही आधीच होत होता, फक्त तो दुसरा कोणी घेत होता.

आम्ही या पद्धतीच्या बाजूने आहोत, पण त्याचे कारण वेगळे आहे. ते सांगण्यासाठी आमच्या मावशीची हकीकत सांगावी लागेल.

मावशी मिरजेची. मुलगी अमेरिकेत, म्हणून सत्तरीनंतर तीनदा तिकडे जाऊन आली. जन्मभर शाकाहारी, इंग्रजी समजते, बोलायचा धीर नाही. पहिल्या खेपेस हवाई सुंदरीने गाडी थांबवून दोन नावे भरभर उच्चारली आणि मावशीने मान हलवून ‘येस’ म्हटले. झाकण उघडले तर कोंबडी. तिने झाकण परत लावले, पाव आणि फळांच्या फोडी खाल्ल्या आणि पुढचे आठ-नऊ तास पाण्यावर काढले. ‘अगं, दुसरं मागायचं नाहीस का?’ असे आम्ही नंतर विचारले, तर म्हणाली, ‘ती बिचारी इतक्या माणसांना वाढत होती. तिला परत कुठं बोलवायचं?’

हा भिडस्तपणा तिच्या एकटीचा नाही. १८८८ साली विलायतेस निघालेल्या तरुण मोहनदास गांधींनी बोटीवर हेच केले होते. कोणत्या पदार्थात मांस नाही हे वाढप्याला विचारण्याचे धाडस त्यांना झाले नाही. खोलीतच बसून बरोबर आणलेली मिठाई आणि फळे खाऊन त्यांनी दिवस काढले, हे त्यांनी आत्मकथेत स्वतःच नोंदवले आहे. ज्याला विचारता येते त्याला आधीच्या नोंदणीची गरज कमी. ज्याची जीभ चारचौघांत, परक्या भाषेत, घाईत अडखळते त्याला कागदावर, निवांतपणे, हवे तर दुसऱ्याच्या मदतीने आपले म्हणणे मांडू देणे ही मोठी गोष्ट आहे. आमच्या स्नेह्यांना समोर येईल ते खाण्यातले साहस दिसते. ते साहस करण्यासाठी आधी सर्वभक्षी असावे लागते, आणि नको ते परत पाठवण्याइतका आत्मविश्वास असावा लागतो.

पण हकीकत इथे संपत नाही. दुसऱ्या खेपेस नातवाने उत्साहाने तिच्यासाठी नोंदणी केली. समोर यादी आली: एशियन व्हेज, हिंदू, जैन, मुस्लिम, कोशर, मधुमेही इत्यादी. आजी हिंदू, म्हणून त्याने ‘हिंदू’वर खूण केली. विमान उडाले, आसनक्रमांक लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली ताटली सर्वांच्या आधी आली, आणि आत मटणाचा रस्सा निघाला!

विमानव्यवसायाची एक स्वतंत्र परिभाषा आहे. प्रत्येक विशेष जेवणाला चार इंग्रजी अक्षरांची खूण: एव्हीएमएल म्हणजे आशियाई, खरे तर भारतीय, पद्धतीचे शाकाहारी, व्हीजेएमएल जैन, एमओएमएल मुस्लिम, केएसएमएल कोशर, डीबीएमएल मधुमेह्यांचे. आणि एचएनएमएल, म्हणजे हिंदू, हे बहुतेक कंपन्यांच्या कोशात गोमांस वर्ज्य असलेले मांसाहारी जेवण होय. भाषेच्या अभ्यासकांनी या यादीकडे जरूर पाहावे. तिच्यात काही नावे पदार्थांची आहेत, काही रोगांची आणि काही धर्मांची, आणि ती एकाच ओळीत, एकाच व्याकरणात उभी आहेत. ‘तुम्ही काय खाल?’ या प्रश्नाचे उत्तर ‘मी कोण आहे’ या भाषेत द्यायचे. नातवाने प्रामाणिकपणे दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर दिले, एवढाच त्याचा अपराध.

ही नावे निरुपद्रवी नाहीत. एमिरेट्सने जुलै २०१८ मध्ये ‘हिंदू जेवण’ यादीतून काढल्याचे जाहीर केले आणि इतका गदारोळ झाला की लगेच निर्णय फिरवावा लागला. त्यांच्या यादीत शाकाहारी भारतीय जेवण होतेच. गेले होते ते फक्त नाव. एअर इंडियाने २०१७ मध्ये देशांतर्गत उड्डाणांच्या सामान्य वर्गातून मांसाहार बंद केला, तेव्हा कारण काटकसरीचे आणि नासाडीचे दिले होते, वाद मात्र कोणाच्या ताटात कोणी हात घातला यावर झाला. पुढे २०२४ च्या नोव्हेंबरात याच कंपनीला आपली हिंदू जेवणे हलाल-प्रमाणित नसतील, असे स्पष्ट करावे लागले. तीस हजार फुटांवरच्या एका पुडीतल्या भातावर जमिनीवरची किती ओझी चढतात ते पाहावे.

आपल्याला याचे नवल वाटायला नको. १८९० साली पुण्यातल्या पंचहौद मिशनमधल्या चहावरून टिळक-रानड्यांसह कित्येकांवर बहिष्काराचे संकट आले आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले, हे आपण वर्गात शिकवतो. वाद चहाच्या चवीचा नव्हता. तो कोणाकडचा आणि कोणाच्या बैठकीत, याचा होता. पंगतीचे गोडवे गाताना आपण पंक्तिभेद हा शब्दही मराठीत आहे हे विसरतो. विमानातली एकसारखी ताटली, तिला नावे कितीही ठेवली तरी, शेजाऱ्याची जात न विचारता वाढली जाणारी पंगत होती, आणि तिच्याबद्दल आम्हांला याच कारणाने थोडी माया आहे. विशेष जेवणाची चिठ्ठी त्या पंगतीत पुन्हा भेद आणते. ‘जैन मील कोणाचे?’ अशी मोठ्याने पुकार होते आणि माना वळतात. कधी या वळलेल्या मानांत नुसते कुतूहल असते, कधी नसते.

मग आमची बाजू टिकते कशी? आम्हांला वाटते, दोष आधी मागवण्यात नसून फक्त काहींनीच आधी मागवण्यात आहे. चारशेंपैकी वीस जणांनी खूण केली की ते वीस जण वेगळे दिसतात. चारशेंनीही आधीच, आणि पदार्थाच्या नावाने मागवले, तर वेगळे कोण? वांग्याची भाजी मागवणारा जैन नाही एवढे फार तर कळेल. तो मधुमेही आहे, नास्तिक आहे की नुसता वांग्याचा शौकीन आहे, हे विचारण्याचे कोणाला कारण उरणार नाही. यादीत पदार्थ लिहावेत, त्यांत काय घातले आहे आणि प्राणी कोणत्या पद्धतीने मारला आहे तेही लिहावे. ज्याला आपला धर्म पाळायचा त्याला ते वाचून पाळता येईल. कंपनीने त्याच्या कपाळावर चार अक्षरे लिहिण्याची गरज नाही. वैद्यकीय पथ्यांचा अपवाद अर्थातच मान्य.

नासाडीचा मुद्दाही याच बाजूला पडतो. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून आलेल्या विमानांतले उरलेले अन्न रोगप्रसाराच्या भीतीने जाळावे किंवा नेमलेल्या जागी पुरावे लागते. न उघडलेली ताटलीही त्यातून सुटत नाही. किती माणसे काय खाणार हे आधी कळले तर हे कमी होईल. जपान एअरलाइन्सने ‘जेवण नको’ असे आधी कळवण्याची मुभा दिली आहे, ती आम्हांला फार आवडली. आपल्याकडे ‘नको’ म्हणणाऱ्यालाच सर्वाधिक आग्रह होतो. मात्र आधी मागवण्याचा वेगळा आकार लावणे आणि न मागवणाऱ्याला उरलेसुरले देणे, हा जो व्यापार त्याबरोबर शिरू पाहतो आहे, त्याला विरोध केला पाहिजे. ज्यांना संगणकावरचे अर्ज भरता येत नाहीत, ते बहुधा आमच्या मावशीसारखेच असतात.

चवीचा प्रश्न राहिला. २०१० च्या सुमारास लुफ्तान्सासाठी जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, विमानातल्या विरळ, कोरड्या हवेत मीठ वीस ते तीस टक्के आणि साखर पंधरा ते वीस टक्के कमी जाणवते. म्हणजे आपण घरच्या जिभेने त्या वरच्या जिभेसाठी मागवत असतो. छायाचित्र पाहून भुललेल्यांची निराशा ठरलेलीच आहे. असो.

तिसऱ्या खेपेस मावशीची नोंदणी आम्ही स्वतः केली आणि ‘एशियन व्हेज’वर खूण केली. परत आल्यावर विचारले, तेव्हा तिने भात, वाटाण्याची उसळ, पोळीसारखे काहीतरी, सगळे व्यवस्थित आल्याचे सांगितले. मग कळले की ते सर्वांच्या आधी अर्धा तास आले होते. मावशीच्या एका बाजूला एक कोरियन मुलगी, दुसऱ्या बाजूला एक पंजाबी गृहस्थ. दोघांच्याही पुढ्यात काही नव्हते. शेजारची पाने वाढून झाल्याशिवाय आपण हात घालायचा नाही, हे वळण तिच्या अंगात सत्तर वर्षांचे. ती झाकलेल्या ताटलीवर हात ठेवून बसून राहिली. गाडी आली, त्या दोघांना मिळाले, मुलीने झाकण उघडले, मग हिने उघडले. भात निवला होता, म्हणाली, पण पोटभर जेवले.